लेकीला घेऊन सिव्हिलच्या मनोविकार विभागात

ऑगस्ट २०२५ मध्ये माझ्या मुलीच्या चिंताविकारावरच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. उपचार सुरू झाले तेव्हा ती नववीत होती, आता दहावीत आहे. सुरुवातीचे बालरोगतज्ज्ञ सोडले तर हे सगळं सरकारी दवाखान्यात झालं, जास्त करून सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, पैसे किती लागतील, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं आणि आमच्या तालुक्यात विचारावं असं कुणी भेटलंही नाही. म्हणून तारखा, खर्च, कागद यांसकट लिहून ठेवते आहे. मुलीला इथे जुई म्हणते. हे सगळं तिला आधी वाचायला दिलं. तिने दोन प्रसंग काढायला सांगितले, ते काढले आहेत. शाळेत तिच्यासोबत काय झालं होतं तेही त्यातच गेलं. जिल्ह्याचं नाव याच कारणाने देत नाही.

जून २०२४ मध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी दप्तर भरायला घेतलं की मळमळ, मग उलटी. छातीत धडधडतंय म्हणायची. हात बर्फासारखे गार पडायचे. शनिवारी दुपारनंतर काही नाही, रविवारी संध्याकाळी पुन्हा सुरू. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. सोनोग्राफी झाली, लघवी तपासली, आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. तपासण्या आणि फी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात आले आणि घरात दोन तट पडले. दिराचं म्हणणं, पोरगी शाळा चुकवायला नाटक करते. सासूबाईंचं म्हणणं, कुणाची तरी नजर लागली, बाहेरचं बघून घ्या. त्यांनी अंगारा आणून लावला. मी अडवलं नाही, त्यांनाही पोरीची काळजीच होती. पण उलट्या थांबेनात.

वाट सापडली ती शाळेत आलेल्या तपासणीच्या गाडीमुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आपल्याला वाटतं, वजन-उंची मोजतात, दात बघतात आणि जातात. त्या दिवशी पथकातल्या डॉक्टर मॅडमनी जुईची नाडी धरली आणि तिला बाजूला बसवून विचारलं, "झोप लागते का गं?" बस, एवढंच. जुई तिथेच रडायला लागली. मॅडमनी संदर्भ चिठ्ठी लिहिली, त्यावर 'मनोविकार तज्ज्ञांचा सल्ला' असं होतं, आणि वर्गशिक्षिकांकरवी ती घरी पोचवली. ही चिठ्ठी जपून ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर मला ती उपयोगी पडली.

चिठ्ठीत आधी ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकला जायला सांगितलं होतं. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ही खोली असते आणि तिथे एक समुपदेशक बसतात. १५ जुलैला, सोमवारी, पतसंस्थेतून अर्धी रजा टाकून गेलो तर खोलीला कुलूप. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि दारावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. बुधवारी आषाढीची सुट्टी. गुरुवारी, १८ तारखेला, भेट झाली. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि जुईशी पाऊण तास एकटीशी बोलल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "ताई, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम महिन्यातून एकदा इथे येते, पण आता तीन आठवडे तरी येणार नाही. तेवढं थांबू नका, सरळ सिव्हिलला जा." त्यांनी पत्र दिलं आणि तिथल्या सोशल वर्कर मॅडमना माझ्यासमोर फोन लावला. तुमच्या तालुक्यात ही टीम कोणत्या वारी येते ते ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारून ठेवा. आमच्याकडे दिवस ठरलेला आहे, पण तो गावात कुणालाच माहीत नाही.

२३ जुलै, मंगळवार. साडेसहाची एसटी. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे दोघींचं मिळून एका बाजूचं भाडं नव्वदेक रुपये. सिव्हिलला केस पेपरची रांग नऊच्या आधीच लागलेली असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर आणि तपासणी मोफत आहे, त्यामुळे खिडकीवर पैसे लागले नाहीत. पण खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, पोटात दुखतं, उलट्या होतात. त्याने मेडिसिन ओपीडी लिहून दिलं. तिथे दोन तास बसलो, नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, तुम्हाला वरच्या मजल्यावर जायचंय. तेव्हा खिडकीवर 'मनोविकार विभाग' असंच सांगा. मागे रांगेत गावचा माणूस उभा असेल तर आवाज चढत नाही, मला माहीत आहे. नुसती संदर्भ चिठ्ठी पुढे सरकवली तरी चालते.

वरचा व्हरांडा अरुंद. एक लांब बाकडं, त्यावर दारू सोडवायला आणलेला एक माणूस, त्याची बायको, दोन म्हाताऱ्या, आणि मांडीवर वही ठेवून बसलेला जुईच्याच वयाचा एक मुलगा. सिस्टर दारातून पूर्ण नाव आणि गाव मोठ्याने पुकारत होत्या. जुई माझ्या ओढणीत तोंड लपवायला लागली. मी सिस्टरांजवळ जाऊन म्हटलं, "सिस्टर, हिचं नाव न घेता नुसता नंबर पुकाराल का?" त्या लगेच हो म्हणाल्या. त्यानंतर दर वेळी नंबरच पुकारला. न विचारता हे व्हायला हवं, निदान लहान मुलांच्या बाबतीत तरी.

आधी सोशल वर्कर मॅडमनी तासभर सगळं लिहून घेतलं. गरोदरपणापासून सुरुवात. बाळंतपण, चालायला कधी लागली, शाळा, मैत्रिणी, पाळी, घरात कुणाला असा त्रास होता का. माझ्या मोठ्या मामांना होता, ते मी सांगितलं. जुई मध्येच म्हणाली, "असं फक्त मलाच होतं." त्यावर मॅडमनी तिला २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला आकडा सांगितला. तेरा ते सतरा वयात शंभरात सातांपेक्षा थोड्या जास्त मुलांना काही ना काही मानसिक आजार आढळला होता. जुईच्या वर्गात साठ मुलं. तिने तिथेच हिशोब केला आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या वर्गात चार." परतीच्या गाडीत ती बाकीचे तिघं कोण असतील याचा विचार करत होती.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना मिळून दहा मिनिटं दिली आणि तिला एकटीला जास्त. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण धडधड आणि थकवा त्यामुळेही असू शकतो. रक्त तिथेच घेतलं, पैसे नाहीत. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. आजाराचं नाव चिंताविकार आणि सोबत नैराश्याची सुरुवात. मानसशास्त्रज्ञांची तारीख मिळाली ६ ऑगस्टची, म्हणजे दोन आठवडे पुढची. आमच्या सिव्हिलला अख्ख्या जिल्ह्यासाठी एकच मानसशास्त्रज्ञ मॅडम. त्यांच्या दारावरची तारखांची वही मी पाहिली आहे, पानंच्या पानं भरलेली. एका माणसाच्या जिवावर जिल्ह्यातली सगळी मुलं सोपवणं चूक आहे, आणि हे आपल्या आमदारांना, जिल्हा परिषद सदस्यांना आपणच विचारलं पाहिजे.

मधल्या दोन आठवड्यांत २८ जुलैची रात्र आली. रविवार होता. अकरा वाजता जुईला श्वास घेता येईना, हात वाकडे झाले. सोशल वर्कर मॅडमनी कागदावर १४४१६ नंबर लिहून दिला होता. तो टेलिमानसचा. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फोनला पैसे लागत नाहीत. मराठी निवडता येतं. पलीकडे एक बाई होत्या. आधी मला विचारलं, ती शुद्धीवर आहे ना, काही घेतलंय का, कुठे लागलंय का. मग म्हणाल्या, फोन तिच्याकडे द्या. स्पीकरवर त्या जुईसोबत श्वास मोजत राहिल्या, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. मग पायाखाली काय लागतंय, खोलीत निळ्या रंगाच्या किती वस्तू आहेत, असं विचारत गेल्या. वीसेक मिनिटांनी ती शांत झाली. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत फोनही केला. हा नंबर मुलाच्या स्वतःच्या लक्षात राहील असा घरात लिहून ठेवा. पुढे जुईने तो दोन-तीनदा स्वतःहून लावला, आम्हाला न उठवता.

६ ऑगस्टला मानसशास्त्रज्ञ मॅडमनी पहिल्यांदा नियम सांगितले, आम्हा दोघींसमोर. जुई जे बोलेल ते आईला सांगितलं जाणार नाही. अपवाद दोन. तिच्या जिवाला धोका वाटला तर, आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. दुसऱ्या बाबतीत कायद्याने कळवावंच लागतं. हे ऐकून मी बाहेर बसले. तासाभराने मला आत बोलावलं. जुईने मान हलवून परवानगी दिल्यावर मॅडम म्हणाल्या, तिच्या मनात जगणं नको वाटण्याचे विचार येत आहेत.

त्या क्षणाबद्दल मी फार लिहू शकत नाही. मॅडमनी मला रडायला वेळ दिला आणि मग कामाला लावलं, हे मात्र सांगते. एका कोऱ्या कागदावर तिघींनी मिळून लिहिलं. विचार यायला लागले की तिला आधी काय जाणवतं. तेव्हा ती काय करेल. कुणाजवळ जाऊन बसेल, तिथे तिने माझ्याआधी आत्याचं नाव लिहिलं. कुणाला फोन करेल. आणि घरच्यांनी काय करायचं: घरातल्या सगळ्या गोळ्या आणि शेतातली फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात. तिच्या बाबांना मी गाडीतूनच फोन केला. आम्ही पोचेपर्यंत त्यांनी सगळं चुलतभावाच्या शेडमध्ये नेऊन कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. एक शब्द विचारला नाही त्यांनी.

त्याच दिवशी डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं. दहा मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. गोळ्या सिव्हिलच्या औषध खिडकीवरच मिळाल्या, पण दोन आठवड्यांच्याच. जास्त द्या म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, या वयात पहिले काही आठवडे जवळून बघावं लागतं, कधी कधी अस्वस्थता किंवा तसे विचार सुरुवातीला वाढू शकतात, म्हणून लवकर बोलावतो. गोळ्यांची सवय लागत नाही, पण मनाने बंदही करायच्या नाहीत. फरक दिसायला चार ते सहा आठवडे. हे चार ते सहा आठवडे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे दहाव्या दिवशीच नातेवाईक विचारायला लागले होते, "काय उपयोग झाला?" जुईला पहिला आठवडा मळमळ वाढली, झोप उडाली, मग ते आपोआप कमी झालं. २० ऑगस्टला डोस वीसवर नेला.

पुढची तारीख ३ सप्टेंबर, आणि त्याच दिवशी एसटीचा संप सुरू झाला. गाडी नाही, घरात दोन दिवसांच्या गोळ्या. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर ही गोळी नव्हती. सोशल वर्कर मॅडमना फोन केला, त्यांनी डॉक्टरांना विचारून तारीख पुढच्या मंगळवारची केली आणि तोवर बाहेरून घ्या म्हणाल्या. केस पेपर दाखवून मेडिकलमधून एक पत्ता घेतला, पन्नास रुपयांच्या आत मिळाला. चिठ्ठीशिवाय देत नाहीत, म्हणून केस पेपरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. चार-पाच गोळ्या नेहमी हाताशी शिल्लक राहतील अशी तारीख मागून घ्या, डॉक्टर देतात.

पुढचा मंगळवार म्हणजे १० सप्टेंबर, गौरी आवाहनाचा दिवस. मी तारीख पुन्हा बदलायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "गौरींचं मी बघते. तू पोरीला घेऊन जा."

त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ मॅडमनी शाळेत परत जायची शिडी काढायला घेतली. वहीच्या पानावर खालून वर पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीपुढे भीतीचे दहापैकी गुण, जुईच्या अक्षरात. गणवेश घालून घरात बसणं, २. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणं, ४. वाचनालयात एक तास, ५. मुलींसोबत डबा खाणं, ६. विज्ञानाच्या तासाला बसणं, ८. प्रार्थनेला रांगेत उभं राहणं, ९. खालच्या पायरीची भीती तीन गुणांपर्यंत उतरली की वरच्या पायरीवर जायचं, आधी नाही. भीती वाटली तरी तिथेच थांबायचं, ती चढते आणि उतरते हे अंगाने कळू द्यायचं. मला सांगितलं होतं की फाटकाशी उभ्या राहा, पण "घाबरू नकोस" म्हणू नका, "किती गुण?" एवढंच विचारा.

शाळेसाठी डॉक्टरांकडून पत्र घेतलं. त्यात आजाराचं नाव घालू नका अशी मी विनंती केली. 'उपचार सुरू असून टप्प्याटप्प्याने शाळेत येण्यास मुभा द्यावी' एवढंच लिहिलं. शाळेत एकांनी हट्ट धरला की पूर्ण निदान हवं, नाहीतर फाइलला काय लावायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ही माहिती गोपनीय असते, आणि मुलाची असली तरी तोच हक्क आहे. हे मला सोशल वर्कर मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी शांतपणे ते सांगितलं आणि मुख्याध्यापकांनी पत्र आहे तसं घेतलं. वर्गशिक्षिका मात्र पहिल्या दिवसापासून सोबत होत्या. सहामाही परीक्षेला त्यांनी तिला वाचनालयात बसवायची परवानगी मिळवली.

सगळं सरळ वर चढत गेलं असं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा दोनच्या पायरीवर आली. मॅडमनी सांगितलं होतं की मोठ्या सुट्टीनंतर असं होतं, तरी माझं मन खचलं. पण या वेळी वर चढायला तिला निम्माच वेळ लागला. डिसेंबरात ती प्रार्थनेला उभी राहिली.

डिसेंबरातच डॉक्टरांची बदली झाली. नवे डॉक्टर आले आणि पहिला प्रश्न, "काय होतंय?" सिव्हिलमधला हा सगळ्यात त्रासाचा भाग. शाळेतल्या पथकाची नोंद ग्रामीण रुग्णालयाला माहीत नाही, ग्रामीणची सिव्हिलला नाही, टेलिमानसची कुणालाच नाही. या सगळ्या सोयी आहेत, चांगल्याही आहेत, पण त्यांना एकत्र बांधणारं कुणी नाही. ते काम आपल्या फाइलला करावं लागतं. माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर एक पान होतं: कोणत्या तारखेला कोणती गोळी, किती डोस, काय त्रास झाला, शिडीवर कुठे आहे, पुढची तारीख. खाली संदर्भ चिठ्ठी, केस पेपरच्या झेरॉक्स, रक्ताचे रिपोर्ट, शाळेचं पत्र. नव्या डॉक्टरांनी ते पान दोन मिनिटांत वाचलं आणि जुईला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं नाही. कुणाकडे जुने कागद नसतील तर त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आपल्या उपचारांच्या नोंदी मागता येतात.

खर्चाचं विचाराल तर सिव्हिलमध्ये तपासणी, समुपदेशन, गोळ्या यांना एक रुपया लागला नाही. दर खेपेला एसटीचे दीडशे-दोनशे रुपये, दुपारचं जेवण, झेरॉक्स आणि माझी रजा. रजा संपल्यावर पगार कापला गेला, तो खर्च मोठा. जे शेतमजुरीला जातात त्यांचा पूर्ण दिवस बुडतो. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकाऐवजी चार दिवस टीम आली तर कितीतरी मुलं उपचार अर्ध्यावर सोडणार नाहीत, असं मला बाकड्यावर बसून बसून पक्कं वाटायला लागलंय. तो वहीवाला मुलगा दिवाळीनंतर दिसला नाही.

नववीची वार्षिक परीक्षा जुईने वर्गात बसून दिली. जून २०२५ मध्ये डॉक्टरांनी डोस दहावर आणला, आणि १२ ऑगस्टला गोळी बंद केली. दहावीचं वर्ष आहे, आत्ताच कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, सहा महिन्यांहून जास्त काळ ती चांगली आहे, परीक्षेच्या तोंडावर बंद करण्यापेक्षा आत्ता केलेली बरी, म्हणजे काही वाटलं तर हातात वेळ राहतो. सलग दोन आठवडे झोप बिघडली, सकाळची मळमळ परत आली किंवा ती मैत्रिणींना टाळायला लागली तर तारीख न घेता यायचं, त्याच केस पेपरवर. नोव्हेंबरात एकदा मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे यायचं आहे, दहावीची शिडी काढायला. त्या दिवसाची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.